सांदवाडीसाठी मदत कुठं मागायची आणि कशी मागायची

घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, मी संत्र्याची दोन झाडं लावली होती. दारावर रोपं विकायला आलेल्या एका माणसाकडून घेतलेली. "कलम आहे बाई, चौथ्या वर्षी फळ धरते," असं तो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यात नवी पालवी पिवळी निघाली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी ज्याला त्याला विचारत सुटले. शेजारच्या काकाजींनी युरिया टाकायला सांगितला, दुकानातून औषधाच्या दोन बाटल्या आल्या, मोबाइलवर कुणी तिसरंच काही सांगितलं. मी सगळंच केलं. त्यात एक झाड गेलं.

मग एके दिवशी उरलेल्या झाडाची एक डहाळी तोडली, बुंध्याचा फोटो काढला, मुळाजवळची मूठभर माती पिशवीत बांधली आणि वर्धा जिल्ह्यातल्या सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात गेले. तिथल्या ताईंनी पान उजेडात धरलं, माती बोटांत चुरली आणि विचारलं, "पाणी साचते का तिथं?" साचत होतं. काळी चुनखडीची जमीन, त्यात साचलेलं पाणी. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नव्हतं. युरियानं ते सुटणार नव्हतंच. फोटोत बुंधा नीट पाहून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, की झाडावर डोळा भरल्याची, म्हणजे दुसऱ्या झाडाची कळी बसवून कलम केल्याची, खूणच नाही. म्हणजे ते कलम नव्हतं, बियांपासून उगवलेलं रोप होतं.

विदर्भातल्या खेड्यात परसबागेसाठी मदत भरपूर आहे, आणि बरीचशी फुकट आहे. पण नुसतं "झाड पिवळं पडलं, काय करू?" असं विचारलं तर दहा जण दहा उपाय सांगतात. हातात पान, माती, पाणी आणि वहीतली चार टिपणं असली की तोच माणूस नेमकं सांगतो. म्हणून या लेखात कुठं जायचं हे जितकं सांगणार आहे, तितकंच काय घेऊन जायचं हेही.

आधी आठ दिवस आपलीच सांदवाडी पाहा

कुणालाही विचारण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर सांदवाडीचा नकाशा काढा, वाकडातिकडा चालेल. विहीर किंवा नळ कुठं, गोठा कुठं, न्हाणीचं पाणी कुठून वाहतं, सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता ऊन कुठवर येतं, शेळ्या कुठून शिरतात, वानरं कुठल्या झाडावरून उतरतात, हे सगळं लिहा. वांगी, मिरची, भेदरं (टोमॅटो) यांना दिवसाला सहा तास तरी ऊन लागतं. पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) त्याहून कमी उन्हात येतात. अळू न्हाणीच्या ओलीवर आपोआप माजतं.

मग माती. वऱ्हाडात बहुतेक काळी, भेगा पडणारी, पावसात चिकट. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे लोक मातीला नावानंच ओळखतात: कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्या आवारातली माती कोणती. हे नाव वहीत लिहा. पुढं कुणी तज्ज्ञ भेटला तर त्याला 'काळी' म्हणण्यापेक्षा 'मोरांड' म्हटलेलं जास्त कळतं.

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, राहत असाल तर मातीपेक्षा आधी पाण्याचा विचार करा. तिथलं भूजल खारट असतं. चांगली माती, चांगलं बी, आणि वर रोज खारं पाणी, असं झालं तर दोन उन्हाळ्यांत वाफ्यावर पांढरा थर दिसायला लागतो. तिथं छपराचं पावसाचं पाणी टाकीत धरणं हीच बागेची पहिली खरेदी समजा.

माती आणि पाणी तपासून घ्या

हे काम लोक शेतासाठी करतात, सांदवाडीसाठी करत नाहीत. मला वाटतं सांदवाडीला त्याची गरज जास्त आहे. तिथल्या मातीत घराच्या बांधकामाचा चुना, सिमेंट, चुलीची राख, गोठ्याचं मूत असं वर्षानुवर्षं मिसळलेलं असतं. आवारातल्या दोन कोपऱ्यांची माती वेगळी निघू शकते.

नमुना असा घ्या. उन्हाळ्यात, वाफे खतवायच्या आधी, पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल, म्हणजे २० सेंटीमीटरच्या आसपास, खड्डा करा. खड्ड्यातली सुटी माती काढून टाका आणि एका बाजूची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची कापटी खुरप्यानं काढा. उकंड्याजवळची, झाडाच्या बुंध्याजवळची, न्हाणीच्या नालीजवळची माती त्यात नको. सगळी माती स्वच्छ पोत्यावर एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेली पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, उन्हात नको. खताच्या रिकाम्या पिशवीत मात्र भरू नका. सगळा अहवाल चुकतो. चिठ्ठीवर नाव, गाव, तारीख आणि 'परसबाग, भाजीपाला' असं स्पष्ट लिहा, नाहीतर शिफारस कपाशीची येते.

पाण्यासाठी एक लिटरची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, हापसा किंवा मोटार थोडा वेळ चालू देऊन भरा आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा.

तपासणी जिल्ह्याच्या शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत होते, बऱ्याच कृषी विज्ञान केंद्रांतही होते. शुल्क किरकोळ असतं. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ पासून सुरू आहे. त्या पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन अशा १२ गोष्टी असतात. सगळ्या कळायलाच हव्यात असं नाही. पहिल्या तीन पाहा. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला तर बहुतेक भाज्यांना मानवतो. आठच्या वर गेला की लोह आणि जस्त मातीत असूनही झाडाला मिळत नाही. सेंद्रिय कर्ब कमी असेल तर उत्तर एकच, खत आणि काडीकचरा. क्षारता जास्त निघाली तर निचरा आणि पाणी बदलण्याची गोष्ट करावी लागते.

माझा एक अहवाल यायला अडीच महिने लागले होते. तोवर पेरणी होऊन गेली. तेव्हापासून मी नमुना एप्रिलमध्येच देते.

बी गावातच आहे

बियाण्याच्या पाकिटासाठी तालुक्याला पळण्याआधी गावात एक फेरी मारा. आमच्या आत्याबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला सांगितलं होतं, "पयले माती पाय, मंग बी पाय, अन् बी मांगायले लाजू नको." त्यांच्याकडे पोपटाच्या (वालाच्या) शेंगांचं, अंबाडीचं, ढेमसाचं, दोडक्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं असायचं. ते त्यांनीही कुणाकडून मागून आणलेलं होतं. गावात अशा दोन-तीन तरी बाया असतातच. त्यांच्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नका, आपल्याकडचं काही बी घेऊन जा. आणि बी घेताना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: कधी टोचायचं, मांडव लागतो का, पहिली शेंग किती दिवसांनी. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वेलांची आळी करून बी टोचायची रीत याच बोलण्यातून मला कळली; मृगाचा पाऊस येईपर्यंत वेल हातभर झालेला असतो.

बी धरायचं तर देशी वाणाचंच. संकरित वाणाच्या फळातलं बी पेरलं तर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. वेलवर्गीय भाज्यांत शेजारच्या वाडीतलं परागण होऊन भेसळ होते, म्हणून बियाण्यासाठी ठेवलेलं एखादं मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवतात आणि सकाळी त्याच वाणाच्या नरफुलानं हातानं परागण करून पुन्हा बांधतात. वाल, भेदरं यांत ही कटकट नाही, ती बहुतांशी स्वतःच फळतात.

बचत गटात असाल तर उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची कृषी सखी तुमच्या हाकेवर आहे. 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम उमेदनंच राबवली. गोल वाफ्यांची, मधे फळझाड आणि भोवती भाज्या असलेली बाग गावोगाव दिसते ती त्यातलीच. गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाच्या बैठकीत बियाण्याची मागणी ठरावात लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. शाळेतही पोषण आहारासाठी परसबाग असते. तिथल्या बाईंकडे किंवा मदतनीस ताईंकडे जास्तीची रोपं असतात, आणि त्यांना शेणखताची गरज असते. देवाणघेवाण जमते.

देशी बियाणं पाहायचं, घ्यायचं असेल तर नागपूरला भरणारा बीजोत्सव एकदा तरी बघावा. वर्ध्याकडच्यांना धरामित्र ही संस्था सेंद्रिय शेतीच्या कामामुळे ठाऊक असेल.

कृषी विज्ञान केंद्र आणि विद्यापीठ

अनेकांना वाटतं ही केंद्रं फक्त मोठ्या शेतकऱ्यांसाठी आहेत. तसं नाही. तिथं बहुधा उद्यानविद्येचे तज्ज्ञ असतात, वनस्पती संरक्षणाचे असतात आणि गृहविज्ञानाच्या ताई असतात. परसबाग हा त्या ताईंचा खास विषय. दारात थांबून "शेती किती?" या प्रश्नाला घाबरू नका. "सांदवाडी आहे, दीड गुंठा" असं सरळ सांगा.

वर्ध्याचं केंद्र सेलसुऱ्याला, चंद्रपूरचं सिंदेवाहीला, गडचिरोलीचं सोनापूरला, भंडाऱ्याचं साकोलीला, गोंदियाचं हिवऱ्याला, वाशीमचं करड्याला, अकोल्याचं सिसा उदेगावला. अमरावती जिल्ह्यात दुर्गापूर आणि घातखेड अशी दोन, बुलढाणा जिल्ह्यात बुलढाणा आणि जळगाव जामोद अशी दोन. नागपूरचं केंद्र केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे आहे.

जाताना पिशवीत काय असावं? रोगट पान आणि त्याच झाडाचं निरोगी पान, दोन्ही. पानं ओल्या प्लास्टिकमध्ये कोंबू नका, सडतात. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा. कीड असेल तर ती झाकणाच्या बाटलीत जिवंत. रोप लहान असेल तर मुळासकट उपटून. मुळांवर गाठी आहेत का हे पाहिल्याशिवाय सूत्रकृमी (मुळांत राहणारे बारीक कृमी) कळत नाही. पूर्ण झाडाचा, पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा फोटो. माती परीक्षणाचा कागद. आणि वही: शेवटचं पाणी कधी दिलं, खत काय टाकलं, फवारणी कशाची केली. लाजून काही लपवू नका. मी त्या दोन बाटल्यांचं आधी सांगितलं नव्हतं, आणि त्यामुळे त्या ताई थोडा वेळ चुकीच्या वाटेला गेल्या.

जायच्या आधी घरी एवढं मात्र बघून ठेवा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची कमतरता. नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. संत्र्यासाठी मला सांगितलेला उपाय लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अडीच ग्रॅम चुना मिसळून पानांवर फवारण्याचा होता. चुनखडीच्या मातीत हिराकस जमिनीत टाकून फारसा उपयोग होत नाही. आणि पाणी निघून जायला चर काढायला लावला, तो उपाय जास्त मोलाचा ठरला.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला स्थापन झालं. विदर्भाच्या माती-पावसासाठी काढलेले वाण तिथले: वांग्याचा अरुणा, पांढऱ्या कांद्याचा अकोला सफेद. विद्यापीठाची शिवार फेरी भरते तेव्हा प्रक्षेत्रावरची पिकं उभी बघायला मिळतात. गटातल्या पाच-सहा जणी मिळून गाडी केली तर खर्च विभागतो. एखादा दिवस त्यासाठी काढाच.

प्रवास जमत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक आहे. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, मराठीत. इथंही तीच गोष्ट. फोन करण्याआधी पीक, वय, जिल्हा, लक्षण आणि केलेले उपाय एका कागदावर लिहून समोर ठेवा.

गावाचे कृषी सहायक, ज्यांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे अनेक गावं असतात. ते गावात येण्याचा वार विचारून ठेवा.

रोप आणि पाकीट घेताना

बियाण्याच्या पिशवीवर निळा टॅग असेल तर ते प्रमाणित. हिरवा असेल तर सत्यप्रत, म्हणजे उत्पादकानं स्वतः हमी दिलेलं. भाजीपाल्याच्या छोट्या पाकिटांवर चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली असते. कांद्याचं बी वर्षभरातच जोम गमावतं, तिथं तारीख बघाच. बिल मागा. दहा रुपयांच्या पाकिटाचं काय बिल, असं वाटतं, पण उगवलं नाही तर तोच एक कागद हाताशी राहतो. भेंडीत पिवळ्या शिरांचा रोग नेहमी येत असेल तर परभणी क्रांती हा वाण मागून बघा, तो त्या रोगाला सहनशील आहे आणि त्याचं बीही धरता येतं.

संत्रा, मोसंबीची कलमं नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची किंवा नोंदणीकृत रोपवाटिकेचीच घ्या. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेला असतो. तो जोड स्पष्ट दिसला पाहिजे आणि जमिनीपासून वीतभर तरी उंच हवा. लावताना तो मातीखाली गेला की डिंक्या रोगाला आमंत्रण. कागदी लिंबू मात्र बियांपासून केलेलं रोपही चालतं.

शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, आवळा, जांभूळ यांची रोपं पावसाळ्याच्या तोंडावर सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिकांत स्वस्तात मिळतात. पहिल्या पावसानंतर गर्दी होते, जूनच्या सुरुवातीलाच नाव नोंदवा. पिशवीतून मुळं बाहेर येऊन गोल गुंडाळलेली उंच रोपं घेऊ नका, बुटकं पण जाड खोडाचं घ्या.

खत: पुसदच्या माणसाची देणगी

विटांचं, भिंतींना भोकं ठेवलेलं खताचं टाकं जगभर नाडेप नावानं ओळखलं जातं. ते नाव यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडलं. पूर्ण मापाचं टाकं १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच. सांदवाडीला त्याच्या निम्मं पुरतं. तळाशी वीतभर काडीकचरा, त्यावर शेणकाल्याचा शिंपडा, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर. असे थर एक-दोन दिवसांत वरपर्यंत भरून शेणामातीनं लिंपून टाकायचे. साधारण ९० ते १२० दिवसांत खत तयार. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि तुराटी (तुरीच्या काड्या) जशीच्या तशी टाकली तर वर्षभर कुजत नाही, बारीक तोडा. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) मात्र झटकन कुजतं. टाकं बांधण्यासाठी रोजगार हमीतून मदत मिळू शकते. ग्रामपंचायतीत ग्राम रोजगार सेवकाला भेटा आणि आराखड्यात नाव आहे का ते डोळ्यांनी पाहा.

जीवामृताची पद्धत सांगणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे; त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं प्रमाण एकराचं आहे. सांदवाडीसाठी ते असं लहान करा: १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, बांधावरची चिमूटभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीनं ढवळा, दोन-तीन दिवसांनी वापरा. मी हे खताला जोड म्हणून देते. नुसत्या जीवामृतावर माझे वाफे कधी सुधारले नाहीत, टाक्यातल्या खतानं सुधारले.

कीड आली तर

शेतातल्या फवारणीच्या उरलेल्या औषधाचा पंप सांदवाडीत आणू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ज्या वाफ्यातून लेकरू काकडी तोडून तशीच खातं, तिथं ते विष नकोच. तणनाशकाचा पंपही नुसता विसळून इथं वापरला तर भेदऱ्याची पानं आखडून दोऱ्यासारखी होतात. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंशसुद्धा त्या झाडाला पुरतो.

निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात. गर काढून बी सावलीत वाळवा. ५० ग्रॅम बी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्यानं गाळा, थोडा साबण मिसळून त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. मावा, तुडतुडे, लहान अळ्या यांवर ५ टक्के अर्क हाच. कीड फार माजल्यावर त्याचा जोर पुरत नाही, म्हणून पानाची खालची बाजू दर दोन दिवसांनी उलटून पाहा.

मोबाइलवरची माहिती आणि आपला उन्हाळा

व्हिडिओ बघताना आधी तो कुठला आहे ते पाहा. पुण्याच्या गच्चीवरचा मे महिना आणि चंद्रपूरचा मे महिना एक नाही. पारा ४५ च्या वर जातो तिथं मेमध्ये भेदऱ्याला फूल धरत नाही, ते झाडाचं आजारपण नव्हे. तेव्हा वरून सावली करा, बुडाशी कुटाराचा जाड थर द्या, आणि कुंभाराकडून बिनरंगाचं मडकं आणून गळ्यापर्यंत पुरा. भरून झाकण ठेवलं की पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं. न्हाणीचं साबणाचं पाणी केळी आणि कर्दळीलाच सोडा. काळ्या मातीत धुण्याच्या सोड्यानं माती घट्ट होते.

हवामान विभागाचा जिल्ह्यासाठीचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मेघदूत अॅपवर तो मराठीत वाचता येतो. पाऊस सांगितला असेल तर फवारणी पुढं ढकला, एवढ्यासाठी तरी उपयोग होतो.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर वर्षाची कामं आहेत. एप्रिल: माती, पाणी तपासणीला. अखाजी: वेलांची आळी. मे: खताचं टाकं उपसणं, ग्रामसंघात बियाण्याची मागणी. जूनचा पहिला आठवडा: रोपवाटिकेत नोंद. जून-जुलै: निंबोळ्या. सप्टेंबर: रब्बीच्या भाज्यांचं बी, पालक-मेथीचे वाफे. शिवार फेरीची तारीख कळली की तीही. आणि त्या उरलेल्या संत्र्याच्या शेजारी, चर काढलेल्या उंचवट्यावर, दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आणलेलं एक खरं कलम आहे. त्याचा जोड जमिनीपासून पुरा वीतभर वर आहे.